त्रेंदाफिलचं तीन पायांचं स्टूल

म्हाताऱ्या त्रेंदाफिलकडे गाडी टाकून कुणाला घरी जाता यायचं नाही. तो जाऊच द्यायचा नाही. दाराच्या आत तीन पायांचं एक बुटकं स्टूल होतं, मेंढीची धार काढायला घेतात तसलं. गाडीच्या मालकाने त्यावर बसायचं आणि काम संपेपर्यंत त्याच्या हातांकडे बघायचं. कॉफी हवी तर बसल्या जागी मिळायची. कुणी मुतायला उठलं तर तोही पाना खाली ठेवायचा, हात पुसायचा आणि ते माणूस परत येईपर्यंत भिंतीला टेकून उभा राहायचा. काम झालं की काढलेला जुना भाग वर्तमानपत्रात गुंडाळून मालकाच्या मांडीवर.

गाव म्हणायचं, नाटकं आहेत म्हाताऱ्याची. मी तर याहून वाईट बोलायचे. चोर तो चोर वर शिरजोर, असं मी स्तामेनाच्या कॉफीच्या दुकानात चार माणसांत म्हटलेलं आहे, आणि तो तेव्हा दाराबाहेर उभा होता हे मला ठाऊक होतं.

तसा तो मूळचा सहकारी शेतीच्या ट्रॅक्टर-शेडमधला मेकॅनिक. ती शेती मोडली तेव्हा ज्याला जे उचलता आलं ते त्याने घरी नेलं. कुणी गाय नेली, कुणी छपराचे पत्रे. त्रेंदाफिलने शेडमधला मोठा व्हाइस, लोखंड घट्ट धरायचा शिकंजा, नेला. तो चार माणसांना हलत नाही, याने एकट्याने कसा नेला, कुणाला विचारून नेला, यावर अजून वाद चालतो. पत्र्यांबद्दल कुणी बोलत नाही, कारण ते सगळ्यांच्याच छपरावर आहेत. बायको लवकर गेली, मूल नाही, एक शेळी आणि तो. उंच, पाठीत वाकलेला, बोलायला लागला की समोरच्याच्या बुटांकडे बघायचा. असा माणूस मला कधी सरळ वाटला नाही.

आणि का वाटावा? माझ्या नवऱ्याचा पाय त्याने मोडला, असं आमचं सगळ्यांचं म्हणणं होतं.

माझा नवरा दोब्रिन टेलिफोनच्या तारा ओढणारा. आमच्याकडे जुनी रशियन जीप होती. तिच्या मागच्या शाफ्टचे, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्याचे, क्रॉस गेले होते. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाला असतो तो लोखंडी चौफुला, त्याच्यामुळे शाफ्ट फिरताफिरता वाकू शकतो. त्रेंदाफिलने दोन्ही टोकांना नवे क्रॉस बसवले. महिना झाला नसेल, चर्चच्या वरच्या वळणावर शाफ्टचं पुढचं टोक तुटून खाली पडलं, रस्त्यात रुतलं आणि जीप उलटली. माझी धाकटी तेव्हा पहिलीत होती. दोब्रिनचा डावा पाय गुडघ्याखाली कायमचा वाकडा झाला. इस्पितळात शुद्धीवर आला आणि म्हणाला, त्या त्रेंदाफिलने नवे क्रॉस खिशात घातले आणि जुनेच धुऊनपुसून परत बसवले. मी काही मूग गिळून बसणारी बाई नाही. पाणवठ्यावर सांगितलं, दुकानात सांगितलं, चर्चच्या पायरीवर मेणबत्ती हातात धरून सांगितलं.

त्रेंदाफिल इस्पितळात आला होता. टोपी हातात, नजर फरशीवर. शाफ्ट एकदा बघायचाय, एवढंच म्हणाला. दोब्रिनने भिंतीकडे तोंड केलं आणि सांगितलं की शाफ्ट नदीत गेला. दुसऱ्या दिवशी स्तामेनाने पाहिलं, हा बाबा पँट मांडीपर्यंत गुंडाळून नदीत उभा, लोखंडी आकडीने तळ ढवळतोय. एप्रिलचं पाणी, बर्फ वितळलेलं. दोन दिवस शोधत होता. सगळ्यांनी एकच अर्थ काढला, पुरावा नाहीसा करायला आलाय. त्यानंतर त्याच्याकडचं काम आटलं. वाट चुकलेले ट्रॅक्टर, परगावचे लाकूडवाले, एवढेच यायचे. आणि तेव्हापासून ते स्टूल.

दोब्रिन घरी बसला, म्हणून मी गाडी शिकले. मोडक्या जीपचं भंगार विकून, वर भर घालून तसलीच दुसरी घेतली आणि वरच्या धनगरवाड्यांवरून मेंढीचं दूध डेअरीत आणायला लागले. मे महिन्यात सेंट जॉर्जचा दिवस झाला की हंगाम सुरू, मग रविवार नाही की सण नाही.

गेल्या हंगामात ऐन वेळी जीप कुरकुरायला लागली. आधी मला वाटलं चिमणी अडकलीय कुठेतरी. मग गियर टाकला की खालून ठण्ण. क्रॉस गेल्याचं ते ठण्ण मी ओळखलं, आमच्या घरात त्याच्यावरून बारा महिने बोलणं व्हायचं. तालुक्याच्या गावी न्यायची तर खालचा पूल पुराने खचलेला, डेअरीचा टँकरच कसाबसा आडवाटेने वर यायचा. म्हणजे उरला एकच माणूस.

मी नुसतं नाव काढलं आणि दोब्रिनने हातातली सुरी पावावर आपटली. जायचं नाही म्हणाला. मी बघतो काय ते. म्हटलं, तुला जीपखाली झोपवायचं कसं आणि बाहेर काढायचं कसं? दूध नासलं तर चालेल, म्हणाला, पण त्या माणसाचा हात गाडीला लागता कामा नये. इतक्या वर्षांत तो माझ्यावर असा ओरडला नव्हता. माझी काळजी करतोय बिचारा, असं मला वाटलं. तरी कुठेतरी शंकेची पाल चुकचुकलीच, कारण काळजी करणारा माणूस तोंडाकडे बघून ओरडतो आणि हा बघत होता खिडकीबाहेर, द्राक्षाच्या मांडवाकडे.

क्रॉस मी माझेच नेले, पलंगाखाली खोक्यात जपून ठेवलेले. त्याच्याकडचे मला नकोच होते.

त्रेंदाफिलने मला दारात पाहिलं तेव्हा तो शेळीला पाला घालत होता. बाहीने स्टूल पुसलं आणि ये, बस म्हणाला. मी बसले. त्याने माझे क्रॉस खोक्यातून काढले, उजेडात धरले आणि कानस घेऊन एका टोकावर हळूच ओढली. कानस घसरली, लोखंडाला ओरखडाही नाही, म्हणजे माल कडक. तरी कुठून आणलेस, कुणी दिले, सोबत कोण होतं, असं पोलिसासारखं विचारून घेतलं. म्हणजे मी त्याच्यावर संशय घ्यायला आलेली आणि हाच माझ्या मालावर संशय घेतोय. मला असा राग आला म्हणता.

जीप ओंडक्यांवर चढवली. तो खाली सरकला आणि पहिलीच गोष्ट काय केली असेल, तर छिन्नी लावली आणि शाफ्टवर हातोडीने घाव घातला. मी स्टुलावरून अर्धी उठले.

"धडधाकट लोखंडाला जखमा कशाला करताय?" मी विचारलं.

"खूण करतोय," तो जीपखालून म्हणाला. "हा शाफ्ट दोन तुकड्यांचा आहे. एक दुसऱ्यात सरकतो, दातऱ्यांवर. सोडवायच्या आधी दोन्हींवर मिळून एक रेघ मारायची. परत घालताना रेघेला रेघ मिळाली पाहिजे. नाही मिळाली तर शाफ्ट थरथरतो, आणि थरथरणारा शाफ्ट क्रॉस खातो. नवा असला तरी खातो."

मी मनात म्हटलं, जास्त सांगणारा माणूस काहीतरी लपवतोच.

शाफ्ट खाली आला. त्याने तो व्हाइसमध्ये धरला, पकडीने लॉक, म्हणजे कप अडकवून ठेवणाऱ्या कड्या, काढले आणि ठोकून ठोकून क्रॉसच्या टोकांवरचे जुने कप बाहेर आणले. आतल्या सुया, ज्यांच्यावर तो क्रॉस फिरतो, त्यांचा लाल भुगा झाला होता. सगळं वर्तमानपत्रात घालून माझ्या मांडीवर दिलं. मग नवा कप उघडला. आत बारीक बारीक सुया कडेने उभ्या, ग्रीसमध्ये चिकटवलेल्या, कुंपणाच्या खुंटांसारख्या. त्याने एकेक कप ग्रीसने भरून फळीवर मांडला आणि चिंधी आणायला मागे वळला.

तेवढ्यात मी हात लांब केला, एका कपातली सुई नखाने काढली आणि बुटाखाली दाबली. का, म्हणाल तर मला बघायचं होतं. एक सुई कमी असताना हा कप ठोकून बसवतो का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

तो परत आला. कप उचलला, आतून बोट फिरवलं आणि थांबला. परत फिरवलं. मग कप खाली ठेवून फळीवर पाहिलं, जमिनीवर पाहिलं, लोहचुंबक घेऊन गुडघ्यांवर रांगत सगळी फरशी फिरला. कपाळाला घाम आला होता. माझ्या पायांपर्यंत येऊन तसाच बसून राहिला.

"दाफिने, डावा पाय उचल," म्हणाला.

उचलला. त्याने सुई घेतली, रॉकेलमध्ये धुतली, पुसली आणि जागेवर उभी केली. ना शिवी, ना शाप. मलाच गप्प राहवेना. म्हटलं, मला बघायचं होतं.

"बघितलंस ते बरं झालं," तो म्हणाला. हात थांबले नव्हते, पण आवाज बदलला होता. "तेव्हा हे स्टूल नव्हतं. मी एकटाच होतो. एखादी सुई आडवी पडली असेल आणि मी तसाच कप ठोकला असेल. मला कळलं नसेल. अंथरुणावर पडलं की मी ते कप परत बसवतो. कधी नीट बसतात, कधी नाही."

"गाव म्हणतं तुम्ही जुनेच घातलेत."

"गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. नवे घातले, ते मला माहीत आहे. पण नीट घातले का, ते मला माहीत नाही. शाफ्ट एकदा बघायला मिळाला असता ना, तर जे असेल ते मान्य करून मरायला मोकळा झालो असतो."

हे तो माझ्या बुटांकडे बघून नाही बोलला. माझ्याकडे बघून बोलला. मी ज्याला चोर म्हणायचे तो एवढी वर्षं स्वतःलाच धरायला निघालेला होता, हे मला कुठे माहीत होतं?

कप बसले. एक लॉक खाचेत जाईना, तर त्याने तो कप परत बाहेर काढून सुया तपासल्या आणि पुन्हा घातला. मग खटकन गेला. शाफ्टचे दोन तुकडे रेघेला रेघ लावून एकमेकांत सरकवले, जोडावरची रबरी टोपी पोलादी तारेने आवळली. मग शाफ्ट उभा धरून त्याने मला दाखवला, रेघ बघून घे म्हणून. मी रेघ पाहिली. पण माझी नजर गेली वरच्या टोकाकडे. दोन कानांची लोखंडी बेचकी, आकाशाकडे तोंड करून. ही बेचकी मी रोज बघते. हिच्यात आमच्या द्राक्षाची तार बसते.

घरी कशी आले मला आठवत नाही. दोब्रिन मांडवाखाली बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होता. मांडवाचा कोपऱ्यातला खांब हिरव्या रंगाचा, कुंपणाला लावतो तोच रंग. इस्पितळातून आल्यावर कुबडी काखेत धरून त्याने पहिलं काम केलं ते हा खांब रोवण्याचं. मला कौतुक वाटलं होतं. आमच्याकडे लोखंड कुणी टाकत नाही, कुठलातरी पाइप असेल असं मी धरून चालले होते.

मी सुरी घेतली आणि बेचकीच्या खाली रंग खरवडायला लागले.

काय खरवडतेस, त्याने विचारलं. रंगाखाली गंज, गंजाखाली एक छिन्नीची रेघ. जोडाच्या वर एक, जोडाच्या खाली एक. पण समोरासमोर नव्हत्या. खालची रेघ चांगली पाव वेढा बाजूला गेलेली. पहिल्यांदा मला वाटलं, सापडला. त्रेंदाफिलनेच चुकीचा जोडला, त्याची भीती खरी होती. खोटं कशाला बोलू, मला बरंसुद्धा वाटलं.

मग जोडावरच्या रबरी टोपीवरचा रंग निघाला. ती तारेने आवळलेली होती, पण पोलादी तारेने नाही. राखाडी वेष्टणाची टेलिफोनची तार, तीन पीळ आणि टोक आत दुमडलेलं. आमच्या कुंपणाचं फाटक तसंच बांधलेलं आहे. माझ्या कढईचा कान तसाच बांधलेला आहे. साऱ्या गावात असा पीळ एकच माणूस देतो.

मी वळून बघितलं. दोब्रिनच्या हातातली शेंग तशीच होती.

"तू उघडला होतास," मी म्हटलं.

"नुसता बघायला," तो म्हणाला. "नवे घातलेत की जुने, तेवढंच. सगळेच बघतात."

"मग?"

"नवेच होते."

मग त्याच्या तोंडून एकेक बाहेर आलं. शाफ्ट काढताना त्याच्या हातात दोन तुकडे झाले, रेघा चिखलाखाली, याला कुठे माहीत की रेघ असते. जसा बसला तसा घातला. दुसऱ्या दिवसापासून जीप थरथरायला लागली. परत त्रेंदाफिलकडे न्यावी तर त्याने ओळखलं असतं की आपल्यामागे गाडी उघडली, म्हणून तशीच चालवत राहिला. संशय घेतला हे कळू नये म्हणून पाय घालवला माझ्या नवऱ्याने. आणि मग तो पाय त्या म्हाताऱ्याच्या नावावर लिहिला.

तो म्हणाला, पाय माझाच गेला ना, शिक्षा मलाच झाली ना, आता उकरून कुणाला काय मिळणार? मी म्हटलं, त्याला झोप मिळेल. आणि त्याला सांगितलं, हा खांब तू नेशील, नाहीतर मी नेईन, आणि मी नेला तर वाटेत तोंड बंद ठेवणार नाही, मला ओळखतोस तू. असं म्हणून मी कुदळ घेतली. खांब निघाला तसा मांडवाचा तो कोपरा कोबीच्या वाफ्यावर कोसळला.

दोब्रिनने शाफ्ट खांद्यावर घेतला. लंगडत चौकातून गेला, स्तामेनाच्या दुकानावरून, जिथे त्या वेळी सगळे पुरुष बसलेले असतात. मी मागून चालले. कुणी काय नेतोस म्हणून विचारलं नाही, सगळ्यांनी पत्ते खाली ठेवले. एकदा तो थांबला तेव्हा मला वाटलं वळतो आता. पण खांदा बदलून पुढे निघाला.

त्रेंदाफिलने शाफ्ट बघितला आणि हातातला पाना कुठे ठेवायचा हेच त्याला कळेना. दोब्रिनने सगळं सांगितलं, जमिनीकडे बघत, शाळेतल्या पोराने पाठ म्हणावा तसं. मी उघडला, मी चुकीचा जोडला, नदीत नव्हता, माझ्या अंगणात होता. त्रेंदाफिलने राग केला नाही. एकच शब्द विचारला.

"सुया?"

"एक कप काढून बघितला होता," दोब्रिन म्हणाला. "सगळ्या उभ्या होत्या. एकही आडवी नव्हती."

म्हाताऱ्याचा त्यावर विश्वास बसला नाही. का बसावा? त्याने शाफ्ट व्हाइसमध्ये धरला. दुसऱ्या टोकाचा क्रॉस अजून शाबूत होता, इतकी वर्षं जमिनीत गाडलेला. माती खरवडली, तेल सोडलं, लॉक तोडून काढले, आणि बराच वेळ ठोकल्यावर कप बाहेर आला. तो दाराशी उजेडात नेऊन त्याने चिंधीने आतून पुसला. सुया गंजलेल्या होत्या, पण कडेने सगळ्या उभ्या, एकाला एक लागून. त्यावर तो बोट फिरवत राहिला. मग मागे न बघता हाताने चाचपून स्टूल ओढलं आणि त्यावर बसला. त्या स्टुलावर त्याला बसलेला मी कधी पाहिला नव्हता. तोंडावर तेलकट हात धरून तो रडला आणि आम्ही दोघं नवराबायको उभे राहून ते बघत राहिलो, कारण तिथून जायचं कसं ते आम्हाला कळत नव्हतं.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, मांडव कशावर उभा केलात? पडला म्हटलं. तर उठून मागून एक पाइप आणून दोब्रिनच्या हातात दिला. शाफ्ट मात्र ठेवून घेतला.

स्तामेना आता म्हणते, मला आधीपासूनच वाटत होतं. वाटत होतं म्हणे.

परवा ब्रेक लागेनात म्हणून जीप घेऊन गेले. सवयीने दाराच्या आत बघितलं तर स्टूल नाही. मागच्या बाजूला शेळीजवळ पडलं होतं, धार काढायला घेतो म्हणे. मी तशीच उभी राहिले. तर हा गाडीखालून ओरडला, "उभी काय राहिलीस? घरी जा. झाली की हाक मारतो."

मी घरी आले. दोब्रिन मांडवाखाली बसला होता. पाय लांब करून त्याने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"मग गाडीपाशी कोण बसलंय?" त्याने विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

त्याने मान खाली घातली, आणि मी चुलीवर घेवडा चढवला.